पाकळी

रवळनाथाच्या उजव्या अंगाला सात,
डाव्या अंगाला सात, छातीवर एक.
पिटकुळीच्या पाकळ्या पाण्यात बुडवून
मी दगडाला चिकटवतो.
पाणी जास्त झालं की निसटतात,
कमी झालं की हट्टाला पेटतात.
हे बापाने शिकवलं नाही. बोटांना कळलं.

सगुणबाब आले शुक्रवारी, आरती संपल्यावर.
गाडी वडाखाली, माणसं बाहेर,
बूट स्वतःच्या हातांनी सोडले.
"गाऱ्हाणं घाल. नाव कुणाचं घेऊ नको.
एवढंच विचार, राहू की जाऊ?"

बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा,
मी सुरू केलं,
आणि "व्हय म्हाराजा" म्हणायला गाव नव्हता
म्हणून दारातून ड्रायव्हर म्हणाला.

मागच्या खेपेला इथंच
नारळावर हात ठेवला होता त्यांनी:
मरेन, पण पक्ष सोडणार नाही.
नारळ मी धरला होता. अजून आठवतो,
शेंडीपाशी ओला होता.
मग तो फोडला, कातळी करून वाटली.
पुरावा गावाने खाऊन टाकला. मीही.

आजा सांगायचा, सदुसष्ट साली
एकदाच आम्हाला माणूस नाही, प्रश्न विचारला.
फूल की दोन पानं?
आमच्या घरात त्या दिवशी दोन चुली झाल्या,
धाकट्या आज्याने विहिरीला वेगळा दोर लावला.
पण जे पडलं ते पडलं,
रात्री येऊन कुणी ते उचलून
दुसऱ्या बाजूला ठेवलं नाही.

पाकळ्या हलेनात.
समई तडतडली. सगुणबाबांनी घड्याळ पाहिलं,
मग देवाकडे, मग माझ्याकडे,
जसं काही आम्ही दोघं एकाच खात्यातले.
खिशात फोन घुरघुरला. पणजीहून.
"हो. हो. किती जण झाले?
नाही, मी देवळात आहे. हो, निघालोच."
उठताना म्हणाले, "पडली की कळव."

छपराकडे बोट केलं जाता जाता:
"गळत नाही ना आता?"
नाही गळत. मंगळुरी कौलं त्यांनीच दिली, दोन हजार.
देवाचा कौल, मतदाराचा कौल, छपराचं कौल,
त्यातलं पावसात कामाला येतं ते एकच.

आठच्या बातम्यांत ते नवी शाल पांघरून उभे.
शेजारी तोच माणूस,
ज्याला आमच्याच मैदानावर त्यांनी चोर म्हटलं होतं
आणि आम्ही टाळ्या दिल्या होत्या.
कार्यकर्त्यांचा आग्रह, म्हणाले. मतदारसंघाचा विकास.
आणि माझ्या देवाचा कौल.

सकाळी तिठ्यावर तीच पोरं
तेच झेंडे उतरवत होती, त्याच शिडीवरून.
फोंडूने जुना बॅनर मागून घेतला.
त्याच्यावर तो सोलं वाळवतो,
त्याच्याही आधीच्याने लाकडं झाकतो.
सगुणबाब दोन्हींवर हात जोडून आहेत,
एकावर केस थोडे जास्त.

मी कुणाला हसू?
दीक्षिता वीज खात्यात जाते, कंत्राटावर, चौथं वर्ष.
कायम करायची फाइल कुठल्या टेबलावर आहे
ते मला माहीत आहे, टेबल कुणाचं तेही.
मतदानाला मी दरवेळी सकाळी सातलाच उभा असतो,
शाई वाळेपर्यंत बोट वर धरून.
बटण दाबताना डोळ्यांसमोर निशाणी नसते.
तिचा डबा असतो.

शनिवारी, दुपारचा नैवेद्य झाल्यावर,
एक पडली.
आवाज नाही. ओवरीतल्या मांजरानेही मान वळवली नाही.
डाव्या अंगाची.
बाकी चौदा होत्या तिथंच, सुकून काळपटलेल्या.

संध्याकाळी त्यांच्या पीएचा फोन.
"बाब विचारतात, पडली का?"
पडली.
"उजवी ना? पत्रकाराला सांगायचंय."
मी पाकळी तळहातावर घेतली.
इतकी हलकी, की असली नसली सारखीच.
बाहेर दीक्षिताची स्कूटर थांबली,
तिने हाक मारली, बाबा, भूक लागलीय.

"हॅलो," मी म्हटलं, "हॅलो?
ऐकू येत नाही. गाभाऱ्यात रेंज नाही."