लाखात तीन

लँकेस्टरला वारा मोरकॅम्बच्या खाडीवरून येतो
आणि आमच्या मशीनरूमचं दार रोज एकदा ढकलून बघतो.
आत अठरा अंश, पंख्यांची घरघर,
पडद्यावर चौकोनांचा तक्ता:
आडव्या ओळीत पाठवणारे, उभ्या रांगेत घेणारे,
डरहॅम, ग्लासगो, ब्रिस्टल, मँचेस्टर,
आणि थेट समुद्रापलीकडे, शिकागोजवळचं बटाव्हिया.
दर सहा तासांनी प्रत्येकजण प्रत्येकाला
काहीही अर्थ नसलेले आकडे भरभरून धाडतो,
नुसतं बघायला, की पोचतात का.

मोठ्या जाऊबाईंना मी एकदा समजावलं होतं,
पोस्टमन बरा आहे ना, एवढं कळायला
रिकामी पाकिटं टाकत राहायची.
त्या म्हणाल्या, याचे पैसे देतात?

ऑक्टोबरात एक चौकोन पिवळा झाला,
मग शेंदरी.
बटाव्हियाकडून आमच्याकडे. फक्त येताना.
जाताना झकास.
डेल ओस्टरमनचं पत्र आलं, तिकडे मध्यरात्र असावी:
"तुमच्या बाजूला एकदा बघता का? घाई नाही."
मी आमच्या उभ्या रांगेचं चित्र जोडलं.
मँचेस्टरहून हिरवं. लिव्हरपूलहून हिरवं.
लिहिलं, आमच्याकडे सगळं ठीक आहे.
लिहिताना बरं वाटलं, तेही नोंदवून ठेवते.

अकरा दिवस टोलवाटोलवी.
न्यूयॉर्कवाल्यांनी हात वर केले,
लंडनवाल्यांनी आलेख पाठवले,
ज्याचा त्याचा आलेख सरळ, ज्याचं त्याचं अंगण झाडलेलं.
न्यूट्रिनोंवर प्रबंध लिहिणारी मोरवेन्ना
दारात येऊन उभी राहिली.
तिची फाइल रात्रभर चालून सकाळी निम्म्यावर.
"मी काही चुकीचं करतेय का?"
यावर माझ्याकडे आलेख नव्हता.

त्या रात्री रंग सोडले आणि गळती मोजली.
लाखात तीन.
लाखात तीन पाकिटं वाटेत पडत होती,
सगळ्यांचीच. मँचेस्टरचीसुद्धा.
पण मँचेस्टर दोन मिलिसेकंदांवर:
एक हरवलं, पोच आली नाही, लगेच कळलं, लगेच दुसरं.
शेजाऱ्याशी असंच चालतं, भिंतीवरून हाक मारली की झालं.
शिकागोला पोच जाऊन कळायला शंभर.
तिकडचं मशीन थबकतं, वेग निम्मा करतं,
आपलंच काही चुकलं असेल असं धरून
पुन्हा हळूहळू धीर करतं,
चढत चढत येतं
आणि तेवढ्यात परत एक जातं.

सकाळी ग्लेनिसने पॅनेलमधली वायर उपसली,
टोक मायक्रोस्कोपखाली धरलं.
काचेच्या बुबुळावर एक कण.
"कुणी लावली होती ही?"
लेबलवरचं अक्षर माझं. तारीख जूनमधली.
कुसळामुसळाची म्हण तिला सांगावीशी वाटली,
पण ती तिच्याकडेही असणार, बायबलातली,
आणि इथे तर मुसळ नव्हतंच कुणाचं.
कुसळच होतं. माझं.
तिने पेनासारखं हत्यार टोकाला टेकवलं.
टिक.
एवढाच आवाज, आणि चहाला गेली.

दुपारच्या फेरीत चौकोन हिरवा आला.
डेलला लिहिलं: आमच्या बाजूला होतं.
तीन शब्द, पाऊण तास.
त्याचं उत्तर: "छान. इकडे आज बर्फ पडायला लागलाय."
अकरा दिवसांत मी तिकडची हवा विचारली नव्हती.

मोरवेन्नाला सांगायचंय
की तिचं काहीच चुकत नव्हतं.
दोन मजले चढायचे फक्त.
जवळच आहे, म्हणून राहिलंय.