सरस

पाषाणच्या लॅबमध्ये, तळमजल्यावर,
मी मेंदूच्या चकत्या करते.
बावीस वर्षं झाली.
उंदराच्या एका दिवसाच्या पिल्लाचा मेंदू
भिजलेल्या हरभऱ्याएवढा, तितकाच निसटता.
ओल्या ब्रशने उचलायचा, श्वास रोखून.
शिंक आली तर आदल्या आठवड्याचं काम गेलं.

रेवणसिद्ध सोलापूरचा, पीएचडीचं चौथं वर्ष.
स्क्रीनवर बोट ठेवतो: ताई, हे खांब बघा.
आतल्या भिंतीपासून सालीपर्यंत ताणलेल्या
लांबच लांब पेशी.
यांना धरून न्यूरॉन चढून गेले,
आपापल्या मजल्यावर जाऊन बसले.
आता खांबांचं काम संपलं.

मग पाडतात?
आमच्या सूस रोडला इमारत झाली
की परांचीचे बांबू त्याच रात्री ट्रकमध्ये.

नाही, म्हणाला. हे जमीन सोडतात,
अंगभर फांद्या फोडतात, तारे होतात,
आणि त्याच घरात राहायला येतात.

काही तर मेंदूच्या नव्हेतच.
बलकाच्या पिशवीत जन्मल्या, रक्तातून आल्या,
दार लागायच्या आधी आत शिरल्या.
आता झाडलोट करतात, जास्तीचे धागे कातरतात.
म्हणजे तुझ्यासारख्या, म्हटलं,
कॉट बेसिसवाल्या.
तो हसला, मग जरा वेळ हसला नाही.

ग्लिया म्हणजे सरस, ताई.
जुन्या लोकांना वाटलं, नुसती चिकटवण.

त्याला कुठे माहीत,
अप्पा बळवंत चौकामागे बाबांचं बाइंडिंगचं दुकान होतं.
स्टोव्हवर सरसाचं पातेलं रटरटायचं,
हाडाचा, चामड्याचा वास
माझ्या वेणीतून शाळेत यायचा.
बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही.
पुस्तकावर नाव लिहिणाऱ्याचं, छापणाऱ्याचं,
कधी कधी ज्याला अर्पण केलं त्याचंही.
बाबा म्हणायचे, असू दे,
भाषेला ठाऊक आहे,
चांगल्यालाही ती सरसच म्हणते.

निळा रंग माझ्याकडे.
चरबीचं वेष्टन असेल तिथेच तो धरतो.
पहिला दिवस: काही नाही.
सातवा: काही नाही.
चौदाव्याला मधोमध एक धागा,
धुतलेल्या पाटीवर खडू उमटावा तसा.
एकविसाव्याला कसलं निळं, विचारू नका.
वहीत मात्र मी फक्त लिहिते: रंग आला.

मंगळवारी नलू बाळंत झाली.
अठ्ठाविसावा आठवडा. नऊशे ऐंशी ग्रॅम.
मी लॅबमधल्या तक्त्यात बोट फिरवलं
आणि बोट थांबलं तिथे लिहिलं होतं
उंदीर, दिवस तिसरा ते चौथा.

ज्या पेशी पुढे वेष्टन गुंडाळणार
त्या या आठवड्यांत अर्ध्याकच्च्या असतात.
श्वास थोडा चुकला
तरी काही मरतात,
काही जगतात आणि मोठ्या व्हायचं विसरतात.
हे मला माहीत आहे.
हे माहीत नसतं तर
रास्ता पेठेपर्यंतच्या दोन बसमध्ये मला झोप लागली असती.

नलू काचेपाशी. टाक्यांमुळे एका बाजूला झुकलेली.
सोनोग्राफी ठीक म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा.
तू त्यातलीच ना गं?
सांग ना, काय चाललंय आत?

बाइंडिंग, म्हटलं.
बाबा काय सांगायचे, आठव.
सरस ओला असताना
पुस्तक उघडून बघायचं नाही.

ती हसली की रडली ते मास्कमुळे कळलं नाही.

सिस्टरने माझे हात बघितले.
नखं निळी कशी? परत धुवून या, कोपरापर्यंत.
धुतले. परत धुतले.
निघत नाही हो, म्हटलं, कामाचा रंग आहे.
हात नाही लावणार.
नुसती उभी राहते इथे,
बाजूला.