मंगळवारपर्यंत सांग

करार चौदा पानांचा होता.
निनादने तो गाडीच्या बॉनेटवर पसरला
आणि उडू नये म्हणून वर चेंडू ठेवला,
सकाळच्या सामन्यातलाच, एका बाजूने खरवडलेला.
अजमानच्या मागे, जिथे गोदामं कुठे संपतात
आणि वाळू कुठे सुरू होते हे कुणी आखलेलं नाही,
तिथलं आमचं मैदान:
सिमेंटची पट्टी, तिच्यावर हिरवी चटई, कडेने खिळे,
सीमारेषा म्हणून चुन्याने रंगवलेले टायर.

दोन हंगाम. पगार महिन्याच्या महिन्याला,
त्याच्या वडिलांना गोदीत बावीस वर्षांनी मिळतो
त्याहून जास्त.
आणि नवव्या पानावर, बारीक अक्षरात,
दुखापत झाल्यास करार मोडायचा हक्क संघाकडे.
जिबिनने ते मोठ्याने वाचलं, मग हळू,
मग वाचलंच नाही असं केलं.

कॉलेज सोडलं की विद्यार्थी व्हिसा सुटतो.
मग इथे राहायचं ते खांद्याच्या भरवशावर.
इथेच जन्मलेल्या पोराला
हे शहर दर थोड्या वर्षांनी नव्याने विचारतं,
तू कशासाठी आलास?

बशारत सर म्हणाले,
खांद्यात चेंडू मोजून भरलेले असतात,
कॉलेजसाठी फुकट उधळू नकोस.
सियालकोटला त्यांचे स्वतःचे कधी संपले
ते त्यांनी सांगितलं नाही.
वडिलांचा फोन आला, मागे पत्र्यावर घण पडत होते:
"हात चलतत तवसर चालव रे.
मगे जन्मभर तोंडच चालवचा आसा."
आई काहीच बोलली नाही.
फ्रिजवरची पाचव्या सेमिस्टरच्या फीची पावती
तिने फक्त वीतभर वर लावली,
त्याच्या डोळ्यांच्या उंचीला.

मग त्याने मला विचारलं.
मी यष्टिरक्षक. अडीच वर्षं झाली,
त्याच्या चेंडूचा वेग
फलंदाजाला चकवून माझ्या तळहातात उतरतो.
आत येणारा टाकण्याआधी तो श्वास धरतो,
हे फक्त मला माहीत.
निवडीला आलेले दोघे त्या दिवशी
माझ्याही समोर बसले होते.
एकाने माझं नाव लिहिलं, चुकीचं लिहिलं,
दुरुस्त केलं, आणि खोडलं.

मी म्हणालो, थांब. तीन सेमिस्टर तर उरलीत.
डिग्री घे, मग जा.
शहाणं वाक्य होतं, कुणाच्याही काकाने म्हणावं असं.
त्यात तुझी काळजी किती होती, निनाद,
आणि त्या खोडलेल्या नावाची किती,
हे मला अजून निवडता आलेलं नाही.
इथल्या किनाऱ्यावर वाळू आणि मीठ
बघून वेगळं कळत नाही,
जिभेला लावावं लागतं.

सोमवारी रात्री साडेअकराला तो बिल्डिंगखाली आला.
वरून कुणाच्या तरी एसीचं पाणी
त्याच्या बुटावर ठिबकत होतं, तो सरकला नाही.
"थर्मोची वही दे."
म्हणजे राहतोयस?
"म्हणजे वही दे."

दिली. देताना विसरलो
की मागच्या पानांवर मी त्याचे चेंडू मांडलेत,
तासच्या तास, फळ्यावर एंट्रॉपी चालू असताना:
टिंबं, फुल्या, कुठे पडला, किती उसळला,
आणि एका कोपऱ्यात, पेन्सिलीने,
"हा कुणालाच खेळता येणार नाही."

मंगळवारी लॅबमध्ये त्याचं नाव दोनदा पुकारलं.
तिसऱ्यांदा मास्तरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.
वाफेचं तापमान मी एकट्याने घेतलं,
वाचायला एक आणि लिहायला एक लागतो,
तीन आकडे चुकले.

आता रविवारी फैझान टाकतो. बरा टाकतो.
मी स्टंपांच्या दोन पावलं जवळ उभा राहतो
आणि ग्लोव्हज काढल्यावर हात लाल नसतात.

वही आलेली नाही. पेपर अठरा तारखेला.
फोन केला तर तो उचलेल, त्याचीच भीती आहे.
म्हणेल, अरे, ये ना, घेऊन जा,
कुणी अडवणार नाही,
फाटकावर फक्त माझं नाव सांग.