विषय नसलेली पत्रे

बांदोड्याच्या आमच्या देवस्थानातला संगणक तेरा वर्षांचा.
रंगीत काही उघडले की धापा टाकतो,
म्हणून ईमेलसाठी काळ्या पडद्याचा प्रोग्रॅम घेतला.
चित्र नाही, बटण नाही. नुसत्या ओळी,
आणि एक फाईल, जिच्यात मी घालीन ते नियम.

निनाद फोंड्याहून आला, दोन तास बसला,
म्हणाला, काका, नियम वरून खाली वाचले जातात,
पहिला लागू पडेल तो पत्र घेऊन जातो,
खालचे बिचारे वाट बघतात.
म्हटले, तें म्हाका खबर आसा रे,
एकतीस वर्षे देवळात आहे मी.

तर लिहीत गेलो.
'अभिषेक' आला की भटजींच्या कप्प्यात.
'खोली' किंवा 'अग्रशाळा' दामूच्या, किल्ल्या त्याच्याकडे.
अध्यक्ष लोटलीकरांची पत्रे हिरवी;
त्यांनी माझ्या पाठीशी उभे राहून रंग निवडला.
महाजनांच्या यादीवरून भांडणारे दोघे चुलतभाऊ
एकाच कप्प्यात. भांडा तिथे.
'तातडीचे' लाल केले,
तर आठवड्यात पडदा पानाच्या पिचकारीसारखा,
मंगळुरापासून टोरांटोपर्यंत सगळ्या कुळाव्यांना घाई.
मग 'तातडीचे' राखाडी केले.
कोणाचे काही अडले नाही.

आणि एक ओळ, जाता जाता,
दुपारच्या नैवेद्याची घंटा झाली होती तेव्हा:
विषय कोरा असेल तर कचऱ्यात.

चवथीआधी कप्पे झाडायला घेतले.
इथे खोडायचे म्हणजे आधी ओळीपुढे खूण पडते,
पत्र तिथेच असते, मान खाली घालून;
डॉलरची कळ दाबली की मगच जाते.
तेवढ्या उसंतीत दिसले:
अहल्या माजाळीकर, कारवार.
सात वेळा.

माघी पुनवेला खोली हवी, आम्ही दोघे,
यांना जिना झेपत नाही, खालची द्या.
उत्तर नाही आले, गर्दी असेल, समजते.
यांना बरे नाही, पुढची तारीख चालेल.
चौथ्यात गोत्र, नाव, आणि जपाची दक्षिणा किती.
पाचवे मी दोनदा वाचले.
सहावे आतूनही कोरे.
सातवे: खोली एकटीला. वरची चालेल.

बाहेर फुलकारीण जाईचे वळेसर मोजत होती,
मध्येच चुकली, परत पहिल्यापासून.

खुणा एकेक करून काढल्या.
तिचा नियम सगळ्यात वर नेला,
अध्यक्षांच्याही वर.
पिवळा रंग, आणि घंटी,
जी आजवर कोणालाच लावली नव्हती.

कोऱ्या विषयाची ओळ मात्र पुसली नाही,
पुढे हॅश घातला.
हॅश घातलेली ओळ यंत्र वाचत नाही,
ती पडून राहते पुढच्या कारकुनासाठी.
खाली मराठीत लिहिले:
हा नियम श्रीरंग केंकरे याने घातला होता.
कोणाला विचारून घातला नव्हता.

उत्तराला तास गेला. उरले ते एवढेच:
खोली खालची ठेवली आहे. जिना नाही. या.

पाठवताना पडद्याने विचारले,
विषय नाही, रद्द करू?
मी 'नाही'ची कळ दाबली.