रोज एक जानेवारी

आतला सेल मेलाय,
म्हणून बटण दाबलं की हे मशीन
रोज उठतं एक जानेवारी दोन हजार दोनला,
आणि मी त्याला तारीख सांगते
न चिडता.
सेल तीस रुपयांचा.
आणायचा राहिला तो राहिलाच.

सेलू, बसस्टँडमागची गल्ली, 'सुयोग डीटीपी'.
पाटीवरचा 'सु' उडाला तेव्हापासून
महिन्याला एखादा माणूस
योगाच्या क्लासची फी विचारून जातो.

अंजुम आली आयटीआय सुटल्यावर,
गळ्यातल्या दोरीला पेनड्राइव्ह, ताईतासारखा.
"मावशी, भंगारवाला किती देतो म्हणला?"
"चारशे. मॉनिटर धरून."
"मग दोन तास मला द्या. फुकट आहे हे,
जगभरचे लोक मिळून करायलेत."
मी संशयानंच बघितलं.
या गल्लीत फुकट मिळालेलं
दुसऱ्या महिन्यात पैसे मागायला येतं.

"पाचशे बारा एमबी रॅम," ती म्हणाली,
डॉक्टर हिमोग्लोबिन सांगतात त्या आवाजात.
"पुरतंय. हलकी सिस्टीम आहे ही."
हलकी.
हलक्या रानाला आमच्यात कुणी मुलगी देत नाही,
पण पाऊस उघडला की
काळ्यात पाय रुतत असतो तेव्हा
हलकं रान आधी वाफशावर येतं,
हे माहीत सगळ्यांना असतं.

चारला लाइट जाते. साडेतीन झालेले.
पंक्चरवाल्या दस्तगीरनं
ट्रॅक्टरची बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडून दिली.
आणि पडद्यावर आलं:
डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?

सगळं म्हणजे
वालूर, कुपटा, मोरेगाव, देवगाव फाटा,
अकरा वर्षांच्या लग्नपत्रिका,
चि. सौ. कां., आहेर आणू नये,
'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'
असं म्हणणारी पोरं, जी आता स्वतः पत्रिका छापायला येतात.
एक निवडणुकीचं पत्रक, पैसे अजून यायचेत.
ज्या दिवशी तारीख सांगायची राहिली
त्या दिवशीची सगळी लग्नं
एक जानेवारीची.

आधी उतरवून घेतलं होतं म्हणा पेनड्राइव्हवर.
अंजुमच्या लॅपटॉपवर उघडलं तर
नवरीच्या नावाच्या जागी
टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, पाउंडाची खूण,
उलटं प्रश्नचिन्ह.
"फॉन्ट जुना, मावशी.
आत आहे ते तसंच आहे,
फक्त वाचून दाखवणारं कुणी राहिलं नाही."

एंटर मी दाबलं.

त्रेसष्ट टक्क्यांवर अडकलं.
लाइट गेली, पंखा थांबला,
दस्तगीर हातात ट्यूब घेऊन दारात,
"किती झालं?" मॅचचा स्कोअर विचारावा तसं.
चौसष्ट.
तो गिऱ्हाईक सोडून तिथंच उभा राहिला.

मग भाषांची यादी.
मलयालमच्या खाली, मंगोलियनच्या वर, मराठी.
मी बोटानं काच पुसून बघितलं.
फाइल, संपादन, कचरापेटी,
आणि एका कोपऱ्यात 'पूर्वस्थीती'.
थ ऱ्हस्व हवा.
कुठल्या तरी गावात, कुणी तरी, पगाराशिवाय,
रात्री डोळे चोळत टाइप केलेला शब्द.
माझी अकरा वर्षं गेली लोकांच्या वेलांट्या नीट करण्यात,
आणि गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या हो ताई,
जेवायला येणारे वेलांटी बघत नाहीत.

"चुकलंय हे," मी म्हणाले.
"मग करा ना दुरुस्त," अंजुम सॅक उचलत म्हणाली,
"कुणालाही करता येतं."
कुणालाही?
"आता तुमचंच आहे की."

आज सकाळी बटण दाबलं.
चहा उतू जायच्या आत उभं राहिलं,
गडबड नाही, घरघर नाही.
कोपऱ्यात तारीख,
एक जानेवारी दोन हजार दोन.
हसू आलं.
सेल आणायला जायचंय खरं,
पण आधी ती वेलांटी.