वरची पायरी

दुर्पता, तुह्या डोक्याची मागची बाजू
तुह्यापेक्षा मले जास्त माहीत आहे.
बारा वर्सं पाह्यली.
दुपारची भांडी झाली की तू खालच्या पायरीवर, मी वरच्या,
मधात एरंडीच्या तेलाची वाटी.
केस उकलता उकलता
काय काय नाई बोललो आपन.
तुह्या पहिल्या पोराचं, जे राह्यलं नाई.
माह्या नवऱ्याचं, परतवाड्याचं.
तोंडासमोर बसून जमलं नसतं.
बोलनारीनं डोळे फनीवर ठेवावे,
ऐकनारीनं बाभळीकडे पाहावं,
अशी आपली रीत.

मंग पोळ्याच्या आगंमागं तुले ताप आला.
एकोनीस दिवस.
ताप उतरला, अन् फनीत गुंता आला,
मंग मूठ,
मंग उशीवर, कनकीत, पोराच्या शर्टाच्या गुंडीले.
"खाऱ्या पान्यानं होते," सासू म्हने.
या पट्ट्यात सारंच खाऱ्या पान्यानं होते,
मुतखडा, पिवळे दात, मोडलेल्या सोयरिका.
आरोग्य केंद्रातल्या डाक्टरीनबाईनं
तुही पापनी खाली ओढून पाह्यली,
लाल गोळ्या देल्या,
"पोटभर जेवता ना?" विचारलं.
तू हो म्हनली.
मी बाजूलेच होती.

कांद्याचा रस लावला, जास्वंद लावली,
कोन्या बाईनं सांगितलं म्हून कवडीची राख.
तुहा नवरा ओसरीत झोपाले गेला,
कांद्याच्या वासानं, म्हने.
कांदा बंद झाला तरी खाट तिथंच.
लग्नात म्हनला होता, तुह्या केसाले धक्का लागू देनार नाई.
खरंच आहे बाप्पा,
त्यानं कुठं हात लावला.

सरपंचबाईच्या हळदीकुंकवाले यंदा वान होतं फनी.
हिरवी, प्लास्टिकची.
ओळीनं देत आली बाई
अन् तुह्यापाशी तिचा हात थांबला.
तू म्हनली, "द्या न, पोरीले होईल."
तुले पोरगी नाई.

तवापासून नळावर तू पहाटं चारले.
पदर भर उन्हातही भुवयीपर्यंत.
बचत गटाचा फोटो काढाचा होता
तं मोबाईल तूच घेतला हातात,
"सरका, सरका, साऱ्या मावल्या पाह्यजे."
साऱ्या मावल्या.

सासू पीठ चाळता चाळता म्हनली,
"नवरा जिता, अन् दिसते कशी..."
पुढचा शब्द तिनं गिळला.
तो शब्द तसाच राह्यला घरात.

फागुनात केसावर भांडी देनारी आली.
कोनाड्यातून माहे निघाले मूठभर,
तुही साखरेची पिशवी, गच्च.
तिनं उन्हात धरून पाह्यले.
"कोनाचे वं? लांब आहेत, भाव येते याले."
"होती एक बाई," तू म्हनली.
अन् मंग भांडली तू!
वाटी नको, गंज पाह्यजे,
बिनझाकनाचा नको, टोपलं वाजवून पाह्यलं,
"पोचा आहे इथं, दुसरा काढ."
किती महिन्यानं आवाज आयकला तुहा.

त्या दुपारी मी तेलाची वाटी घेऊन बसली.
तू दारात उभी.
"ये," म्हनलं.
"काय उकलशील आता?"
मले उत्तर सुचलं नाई.
मंग तूच आली, माह्या खांद्याले धरून
मले खाली सरकवलं,
अन् वरच्या पायरीवर बसली.

तुहे दोन्ही हात माह्या केसात,
पदर पडला असनार, मी पाह्यलं नाई.
बाभळीवर एक साळुंकी.
लय वेळ फनीचाच आवाज.
मंग तू म्हनली,
"त्या डाक्टरनीले मी खोटं बोलली वं."

मले माहीत होतं.
त्या घरात मीही शेवटीच जेवते.
मी वळली नाई.
विचारलं, "त्या गंजात भात मावते किती?"

एक केस उकलला तू, हळू, न तोडता.

"दोघीपुरता."