चिकटवलेले आकडे

मंगळवारी प्रशासकाचा माणूस आला.
तरुण, सभ्य. बूट पुसून आत आला.
हातात पिवळ्या चिकटपट्ट्यांचं भेंडोळं.
गवत कापायच्या यंत्राला त्याने सात नंबर दिला,
चहाच्या मोठ्या किटलीला एकोणीस,
माझ्या वॉशिंग मशीनला एक्केचाळीस.
"त्याचं दार नीट लागत नाही," मी म्हटलं,
"गुडघ्याने दाबावं लागतं."
त्याने तेही लिहून घेतलं.

मी एनिड. तेवीस हंगाम इथे कपडे धुतेय.
थॉर्नबेक रोव्हर्सचा चिखल मला तोंडपाठ आहे:
नोव्हेंबरचा काळा, नदीकडच्या गोलपाशी लागणारा,
मार्चचा पिवळट, गरम पाण्यात अजूनच पसरणारा.
दोन महिन्यांचा पगार थकलाय.
घेणेकऱ्यांच्या यादीत मी एकशे बारावी,
पाव पुरवणाऱ्या बेकरीच्या खाली,
रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवकांच्या वर.

फाटकापाशी बादल्या ठेवल्यात.
कालपर्यंत अकरा हजार चारशे पौंड जमले.
कर्ज बत्तीस लाखांचं.
भागाकार सगळ्यांना येतो. कुणी करत नाही.
रोवेना प्रॉबर्टची पोरगी
दात पडल्याचे पैसे बादलीत टाकून गेली
आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन विचारलं,
"यात गोलकीपर येईल? निदान हातमोजे?"

आणि तो गिऱ्हाईक,
कॅरॅव्हॅन विकणारा, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावचा,
आधी सोमवारी येणार होता, मग गुरुवारी,
मग तो नाही, त्याचा वकील.
नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.
आता म्हणे घोडं पेंड खातंय मैदानापाशी:
क्लब एकाचा, जमीन दुसऱ्याची,
आणि तो दुसरा
कुठल्याशा बेटावरच्या टपालपेटीत राहतो.

शुक्रवार. पाचची मुदत.
सगळं गाव देव पाण्यात घालून बसलेलं,
म्हणजे रॅम्स हेडमध्ये, बिअरशेजारी फोन उताणे ठेवून.
अ‍ॅम्ब्रोज टॅटरसॉल मात्र माझ्याकडे आला,
कपडे वाळतात त्या खोलीत.
एकोणऐंशीचा माणूस. टोपी काढून
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा उभा.

"एनिड, त्यांनी सगळं मोजलं का?"
सगळं, म्हटलं. कोपऱ्यातले झेंडेसुद्धा.
"मेव्हिसला धरलं का?"

मेव्हिस त्याची बायको. नऊ वर्षांपूर्वी
तो टॉफीच्या डब्यातून घेऊन आला तिला,
अंधार पडल्यावर, आणि बॅटरी मी धरली.
पेनल्टीच्या ठिपक्यापासून डावीकडे दोन पावलं.
ठिपक्यावर नको, ती सांगून गेली होती,
तिथे फार लोक उभे राहून घाबरतात.
वारा होता. थोडी माझ्या कोटावर आली.
तो कोट मी धुतला.
हे त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

"जमीन जर त्या बेटवाल्याची," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला,
"तर ती कुणाची झाली?"

मशीन पिळायच्या फेऱ्यावर होतं,
खोलीभर थडथडत.
बरं झालं. काही बोलावं लागलं नाही.

पाचला चार मिनिटं असताना
पबमधून आरोळी आली, गोल झाल्यासारखी.
आम्ही दोघे दारात गेलो.
मुदत वाढली होती. सोमवारपर्यंत. एवढंच.
तेवढ्यावर माणसं एकमेकांच्या गळ्यात,
कुणाची तरी बिअर कुणाच्या तरी पाठीवर.
म्हणजे उद्याचा सामना होणार.
म्हणजे अकरा आणि बदली सात, मोजे धरून,
सकाळी नऊच्या आत वाळायला हवेत.

वाफेने एक्केचाळीसचा एक कोपरा सुटला होता.
अंगठ्याने दाबला. पुन्हा सुटला.
दुसरा घाणा आत टाकून
मी दाराला गुडघा लावला.
अ‍ॅम्ब्रोज बाकावर बसून, न सांगता,
मोज्यांच्या जोड्या लावायला लागला.
एक कमी भरला.
तो नेहमीच भरतो.